मातीची आवड आहे म्हणून आर्किटेक्चर? जरा थांबा

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. दहावीला ९१ टक्के होते, अकरावीत ७४ वर आली. वर्षभरापासून तिला माती-बांबूच्या घरांचं वेड लागलं आहे. मोबाइलवर तेच बघते, गच्चीत मातीच्या विटा पाडून वाळत घालते. मागच्या महिन्यात मी त्या सगळ्या उचलून कचऱ्यात टाकल्या, तेव्हापासून ती माझ्याशी नीट बोलत नाही. माझं बालपण मातीच्या घरात गेलं. पावसाळ्यात भिंत खचायची. तिथून बाहेर पडायला मला वीस वर्षं लागली. तिने कॉम्प्युटरला जावं अशी आमची इच्छा आहे. फारच हट्ट धरला तर आर्किटेक्चर चालेल, निदान नावापुढे पदवी तरी लागेल. तिच्या वहीच्या काही पानांचे फोटो सोबत पाठवतो, म्हणजे प्रकरण कुठवर गेलंय ते तुम्हाला कळेल. तिला समजेल असं काहीतरी लिहा. — एक पालक

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रापेक्षा त्या पानांवर माझा जास्त वेळ गेला. त्यांच्याकडे येतेच, आधी पत्राबद्दल.

मुलगी काय म्हणते, याचं एकही वाक्य तुमच्या पत्रात नाही. ती काय बघते, किती टक्क्यांवर आली, तुम्हाला काय चालेल आणि काय चालणार नाही, हे सगळं आहे. ‘तुला यात नेमकं काय आवडतं गं?’ असं घरात कुणी विचारल्याची खूण मात्र मला सापडली नाही. आणि विटा टाकून दिल्याचं तुम्ही इतक्या सहज लिहिलंय की मी तिथे थबकले. मुलांचा मोबाइल काढून घेणारे पालक माझ्याकडे रोज येतात. मोबाइल विकत आणलेला असतो, परत देता येतो. तिने स्वतःच्या हातांनी पाडलेल्या विटा तुम्हाला आता परत देता येणार नाहीत. तिचा अबोला तुम्हाला हट्ट वाटतो. मला तो पुरेसा सौम्य वाटला.

टक्क्यांचं म्हणाल, तर दहावीचे गुण आणि अकरावी सायन्सचे गुण एका तागडीत घालू नयेत. ही घसरण घरोघरी होते, विटा न पाडणाऱ्यांचीही होते. तुम्ही दोन गोष्टी शेजारी ठेवल्यात आणि एकीला दुसरीचं कारण ठरवून मोकळे झालात.

‘तिथून बाहेर पडायला मला वीस वर्षं लागली.’ तुमच्या पत्रातलं हे सगळ्यात खरं वाक्य आहे, आणि गाठ तिथेच बसली आहे. ती माती मळते तेव्हा तुम्हाला ती खचलेली भिंत दिसते, हे मी समजू शकते. पण तुमच्या कष्टांवर पाणी पाडायचा तिचा विचार नाही. ती भिंत तिने पाहिलेलीच नाही. तुम्ही तिला कधी ती नीट सांगितलीत का? खचायची ती पायथ्याशी, की छप्पर गळून माथ्याकडून? जोतं किती उंच होतं? लिंपण दर वर्षी व्हायचं, की हात तंग असला की राहून जायचं? या विषयावर काम करणाऱ्याला पडलेली भिंत उभ्या भिंतीपेक्षा जास्त शिकवते. तिच्या आवडीच्या विषयातला प्रत्यक्षदर्शी साक्षीदार घरातच बसला आहे, आणि त्याचं तिच्याशी बोलणं बंद आहे. आधी विटांबद्दल तिची माफी मागा. करिअरचं त्यानंतर.

एका समजाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण तो एकट्या तुमचा नाही. मातीचं घर म्हणजे आज ना उद्या पडणारं घर, असं आपल्याकडे धरूनच चालतात. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर तर हा समज घट्टच झाला. पण तिथे काय घडलं ते बघा. भिंती जाड दगडांच्या, मातीत रचलेल्या. आतल्या आणि बाहेरच्या तोंडाचे दगड वेगवेगळे लावलेले, मधे नुसती भर, आणि दोन्ही थरांना एकमेकांशी बांधणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. त्यावर मातीच्या थरांचं जड माळवद. हादरा बसला, भिंतीचे दोन थर सुटे झाले आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. आता २००१ चा कच्छचा भूकंप घ्या. तिथली ‘भुंगा’ म्हणून ओळखली जाणारी मातीच्या भिंतींची गोल घरं बऱ्यापैकी तगली, कारण आकार गोल आणि छप्पर हलकं. त्याच भूकंपात दूर अहमदाबादेत आरसीसीच्या बहुमजली इमारती कोसळल्या. म्हणजे माणसं मारली ती चुकीच्या बांधणीने आणि डोक्यावरच्या वजनाने. मातीच्या इमारती भूकंपात टिकाव्यात म्हणून काय करायचं, याचं आयएस १३८२७ हे भारतीय मानक १९९३ सालचंच आहे. मातीचा खरा वैरी पाणी. येमेनमधल्या शिबाम शहरात कच्च्या विटांच्या सात-सात मजली इमारती आहेत, बहुतेक सोळाव्या शतकापासूनच्या. माणसं आजही त्यांत राहतात. मात्र त्या भिंतींना आणि गच्च्यांना पुन्हा पुन्हा लिंपत राहावं लागतं. ते थांबलं की पाऊस त्या खाऊन टाकतो. तुमच्या लहानपणी भिंत खचायची ते खोटं नाही. तो मातीचा स्वभाव होता की डागडुजीला पैसे नसण्याचा परिणाम, हे तुम्हीच सांगू शकाल.

आता वही. एका पानावर बाटलीचं चित्र आहे. माती, पाणी, चिमूटभर मीठ, खळखळून हलवून ठेवलेलं. वाळू मिनिटभरात तळाला, तिच्यावर गाळ, चिकणमाती थेट दुसऱ्या दिवशी. तिन्ही थर पट्टीने मोजलेत. पुढे गोळ्याची चाचणी : ओलसर मातीचा गोळा खांद्याच्या उंचीवरून टाकला, ‘चार-पाच ढेकळं झाली, पाणी बरोबर’. मग तक्ता. काळ्या मातीच्या विटा वाळताना तडकल्या, म्हणून वाळू मिसळली. त्यातल्या काहींत थोडं सिमेंट, काहींत थोडा चुना. सात दिवसांनी वीट दोन टेकूंवर आडवी ठेवून मधोमध बादली टांगली आणि वीट मोडेपर्यंत पाणी ओतलं. सिमेंटच्या विटेने भरलेली बादली पेलली. चुन्याची अर्ध्या बादलीत गेली. बाजूला लिहिलंय, ‘चुना बेकार??’ आणि त्याखाली दुसऱ्या शाईत, ‘चुन्याला वेळ लागतो. २८ दिवस थांबायचं.’ पुढचं पान कोरं आहे. तारखा जुळवून पाहिल्या, तुम्ही विटा टाकल्यात तेव्हा त्यांना वीस दिवस झाले होते.

प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये उत्तर आधी लिहून आकडे मागाहून जुळवणारी मुलं मी ढिगाने पाहिली आहेत. या मुलीने चुकलेला निष्कर्ष खोडलासुद्धा नाही. त्याच्यापुढे शंका काढली, कारण शोधलं आणि थांबायचं ठरवलं. हे तुम्ही मला ‘प्रकरण कुठवर गेलंय’ याचा पुरावा म्हणून पाठवलंत. पुरावा पोचला!

आणि म्हणूनच आर्किटेक्चरची तुमची तडजोड मला पटत नाही. तुम्ही पाठवलेल्या पानांत घराचा एकही आराखडा नाही. खिडकी नाही, जिना नाही, उजेड कुठून येईल याचं साधं रेखाटन नाही. आर्किटेक्चरची पाच वर्षं मुख्यतः जागेची मांडणी करण्यात, ड्रॉइंग आणि मॉडेलमध्ये जातात. बांधकाम साहित्य हा तिथे अनेक विषयांतला एक. बुर्किना फासोच्या फ्रान्सिस केरे यांनी गांडो या आपल्या गावी मातीच्या विटांची शाळा बांधली. पुढे २०२२ मध्ये त्यांना प्रित्झकर हा वास्तुकलेतला सर्वांत मानाचा पुरस्कार मिळाला, तेव्हापासून ‘मातीची आवड म्हणजे आर्किटेक्चर’ असं पुष्कळ मुलांना वाटतं. तिलाही वाटत असेल तर विचारा : तुला घर कसं असावं याचे विचार येतात, की भिंत कशाची असावी याचे? पहिलं उत्तर आलं तर आर्किटेक्चर जरूर. दुसरं आलं, आणि माझा अंदाज तोच आहे, तर सिव्हिल इंजिनिअरिंग करून पुढे बांधकाम साहित्यात एम.टेक., किंवा रसायनशास्त्रात बी.एस्सी. करून मटेरियल सायन्स. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली ग्रामीण तंत्रज्ञानासाठी ‘अस्त्र’ हे केंद्र निघालं. दाबून केलेल्या मातीच्या विटांवर तिथे जे काम झालं, त्यात सिव्हिल इंजिनिअर पुढे होते.

परीक्षा तुम्हाला ठाऊकच आहेत : सिव्हिलला जेईई मेन किंवा सीईटी, आर्किटेक्चरला नाटा किंवा जेईईचा दुसरा पेपर, पुढे एम.टेक.ला गेट. कॉम्प्युटरबद्दल माझं काही म्हणणं नाही, कारण तिला त्यात रस आहे असं तुम्हीही कुठे लिहिलेलं नाही.

पैशांबाबत खोटा दिलासा देणार नाही. फक्त माती-बांबूत काम करणाऱ्या संस्था थोड्या आहेत, सुरुवातीचा पगार बेताचा असतो, आणि सॉफ्टवेअरशी तुलना केलीत तर पहिली काही वर्षं तुम्हीच जिंकाल. पण साहित्याची जाण असलेल्या इंजिनिअरचं काम तेवढ्यावर संपत नाही. सिमेंट कंपन्यांचं संशोधन, रेडीमिक्स काँक्रीट, चाचणी प्रयोगशाळा, जुन्या वास्तूंची दुरुस्ती, सगळीकडे तो लागतो. शिवाय इमारतीच्या साहित्यातून किती कार्बन बाहेर पडतो हे मोजण्याचं नवं काम उभं राहतंय. डेन्मार्कने २०२३ पासून मोठ्या नव्या इमारतींना त्याची कायदेशीर मर्यादा घातली, फ्रान्सने त्याच्या आदल्या वर्षी नियम आणले. हे हिशेब करणारी माणसं लागतात, आणि ती नुसत्या मातीप्रेमाने तयार होत नाहीत.

आता थोडं तुझ्याशी. बाबा तुला हे वाचायला देतील अशी आशा करते.

एका पानावर तू मोठ्या अक्षरांत ‘सिमेंट = शत्रू’ लिहिलं आहेस. जगभरातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण ८ टक्के सिमेंटमुळे येतो, तेव्हा राग रास्त आहे. पण तो येतो कुठून ते बघ. भट्टीच्या इंधनातून निम्म्याहून कमी. मोठा वाटा खुद्द कच्च्या मालातून, म्हणजे चुनखडीतून सुटतो. चुनखडी तापली की तिचा चुना होतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भट्टी उद्या सूर्याच्या उष्णतेवर चालवली तरी हा भाग तसाच राहील. तू वापरतेस तो चुनाही असाच भाजून होतो, हे तुझ्या वहीत कुठेच नाही. हवेतला थोडा कार्बन चुना हळूहळू परत घेतो, पण भट्टीच्या इंधनाचा धूर घेत नाही. ‘नैसर्गिक’ म्हटलं की हिशेब माफ होत नाही. बांबूचंही तेच. त्यातल्या पिठूळ सत्त्वावर भुंगेरे तुटून पडतात. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात न मुरवलेला बांबू वापरलास तर काही वर्षांतच हातात भुसा येईल, मग तो कितीही हिरवा म्हणून विकलेला असो.

तुला खरोखर मोठा प्रश्न हवा असेल तर तो तुझ्या बाटलीतल्या सगळ्यात वरच्या थराजवळ आहे. केओलिन (चिनीमातीतलं मुख्य खनिज) असलेली चिकणमाती ७०० ते ८५० अंशांना भाजली, त्यात न भाजलेली चुनखडी दळून घातली, तर सिमेंटमधलं जवळपास निम्मं क्लिंकर, म्हणजे जे दळून सिमेंट करतात ते भट्टीत भाजलेले खडे, वगळता येतं. याला एलसी-थ्री म्हणतात. स्वित्झर्लंडमधले संशोधक आणि आपल्या आयआयटींनी त्यावर मिळून काम केलं, आणि २०२३ मध्ये त्याचं भारतीय मानक आलं. क्लिंकरसाठी भट्टी १४५० अंशांपर्यंत न्यावी लागते, तेव्हा फरक तुझ्या लक्षात येईल. काळी माती यात चालणार नाही, तिच्यातली खनिजं वेगळी. ती वेगळी म्हणजे कशी, आणि तुझ्या विटा नेमक्या का तडकल्या, हे रसायनशास्त्राच्या सरांना विचार.

‘सस्टेनेबल’ नावाची महागडी ऑनलाइन प्रमाणपत्रं घेऊ नकोस. पुद्दुचेरीजवळच्या ऑरोव्हिलमधल्या ‘अर्थ (Earth) इन्स्टिट्यूट’मध्ये मातीच्या विटा आणि कमानींची प्रशिक्षणं होतात, तिथे हात घाण करून शिकता येतं. पण इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष झाल्यावर जा, आत्ता नाही. आत्ता गणित. तुझ्या तक्त्यात बादलीचं वजन आहे, पण वीट किती रुंद, किती जाड आणि टेकूंमधलं अंतर किती, हे नाही. त्यामुळे सिमेंटची वीट चुन्याच्या विटेपेक्षा मजबूत होती की नुसती जाड होती, ते मला सांगता येत नाही, आणि तुलाही येणार नाही. वजनाला टेकूंमधल्या अंतराने गुण, मग तीनने गुण. आलेल्या संख्येला रुंदीने आणि जाडीच्या वर्गाने भाग, मग दोनने भाग. वीट मोडली त्या क्षणीचा ताण मिळेल. जाडीचा वर्ग येतो हे विसरू नकोस. साचा अर्ध्या सेंटिमीटरने इकडेतिकडे झाला तरी उत्तर बदलतं.