ओव्याच्या तेलासाठी तिसरी नीट कशाला?

भाऊ,

रावेर तालुक्यातून आलेलं तुमचं दोन पानी पत्र वाचलं. मुलगी मायक्रोबायोलॉजी घेऊन एस.वाय. बीएस्सीला, ६४ टक्के. तिला बुरशीच्या बायोफिल्मवर, म्हणजे तिच्या चिकट थरावर, वनस्पतीतली द्रव्यं वापरून संशोधन करायचंय. तुमचं म्हणणं, 'झाडपाल्याचंच करायचं तर तिसऱ्यांदा नीट दे, बीएएमएस कर, नावापुढे डॉक्टर तरी लागेल.'

६४ टक्क्यांची मला काळजी नाही. काळजी वाटली ती 'सोयऱ्यांत काय सांगू' या वाक्याची. ते तीनदा आलंय, आणि मुलीचं म्हणणं एका ओळीत, तेही तुमच्या शब्दांत. दोनदा नीट देऊन ती कशीबशी कॉलेजात रमली, तर तुम्ही तिला पुन्हा त्याच बाकावर बसवायला निघालात. अहो, सोयरे पंगतीत विचारतात आणि वरण-बट्टी पानात पडली की विसरतात.

आता तुमचा गैरसमज. बीएएमएस म्हणजे रुग्ण तपासायचं शिक्षण. ओव्यातलं थायमॉल हे द्रव्य बुरशीवर काय करतं हे शोधणं वेगळं. तुमची केळी ठिबकवर असेलच. लॅटरल नळीचं टोक सोडलं की आधी बुळबुळीत घाण येते ना? ती बायोफिल्मच, बहुतांशी जिवाणूंची. नुसत्या पाण्याने जात नाही, क्लोरीन सोडावं लागतं. कॅन्डिडा ही बुरशी रुग्णाच्या शरीरात घातलेल्या नळीवर (कॅथेटरवर), म्हाताऱ्यांच्या कवळीवर असाच थर धरते. त्याच्या चिकट आवरणात फ्लुकोनाझोलसारखं बुरशीवरचं औषध अडकून पडतं. सुट्या पेशींना पुरणाऱ्या मात्रेच्या शेकडो पट देऊनही भागत नाही. म्हणून काचेच्या बशीत ओव्याच्या तेलाभोवती बुरशी वाढली नाही, एवढ्याने औषध होत नाही. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये थर वाढवायचा, द्रव्य घालायचं, धुवायचं, क्रिस्टल व्हायोलेट या जांभळ्या रंगाने रंगवायचं. जांभळं राहिलं तर थर शिल्लक. तो जिवंत की मेलेला, याची चाचणी निराळी. मग तीच मात्रा माणसाच्या पेशींना सोसते का? अनेक द्रव्यं इथेच गळतात. झाडाचं म्हणून निर्धोक, असं नसतं. धोतराही झाडच आहे.

बीएस्सीनंतर जळगावच्या विद्यापीठात एमएस्सी, किंवा जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीसारख्या संस्थेत; पुढे नेट ही पात्रता परीक्षा. तीतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये. पक्की नोकरी मात्र तिशीपर्यंत लांबू शकते, हे तिलाही माहीत हवं.

क्लासची फी भरली नसेल तर भरू नका. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि न वाचता पाकीट चिकटवा.