अमेरिकन फुटबॉलच्या फँटसी लीगसाठी (खऱ्या खेळाडूंच्या कामगिरीवरून आपल्या काल्पनिक संघाला गुण देणारा खेळ) रनिंग बॅक, म्हणजे मुख्यतः चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, निवडताना केवळ धावेचे यार्ड पाहणे पुरेसे आहे का?

पुरेसे नाही, असे मी ठामपणे सांगेन. डेरिक हेन्रीने २०२० मध्ये टेनेसी टायटन्सकडून धावून २,०२७ यार्ड मिळवले, पण पासचे झेल केवळ १९ घेतले. याउलट ख्रिश्चन मॅकॅफ्रीने २०१९ मध्ये कॅरोलिना पँथर्सकडून धावून १,३८७ यार्ड मिळवलेच, शिवाय ११६ झेलांतून आणखी १,००५ यार्डांची भर घातली. ज्या लीगमध्ये प्रत्येक झेलाला एक गुण मिळतो, तिथे त्या झेलांचे ११६ गुण एकोणीस टचडाउनांहूनही (चेंडू गोललाइनपार नेणे, प्रत्येकी सहा गुण) अधिक भरतात. म्हणून आधी आपल्या लीगची गुणपद्धत नीट वाचावी.

त्यानंतर मी खेळाडूला मिळणारी संधी पाहतो: तो संघाच्या किती चालींत मैदानावर असतो आणि गोललाइनजवळ चेंडू त्याच्याच हाती दिला जातो की दुसऱ्याच्या. सरासरी फसवी असते. समजा, बारा धावांत ९० यार्ड झाले, म्हणजे सरासरी साडेसात. पण त्यांतले ७० एकाच धावेत आले असतील, तर उरलेल्या अकरा धावांत प्रत्येकी दोन यार्डही पडत नाहीत. अशा एका सामन्यावर भाळून खेळाडू घेऊ नये. निदान तीन-चार आठवड्यांचा वापर तपासावा.