गिपुस्कोआ: जिल्हा म्हणावं की प्रांत?

प्रश्न दोन आहेत. स्पेनच्या बास्क भागातल्या ‘ग्विपुझकोआ’ला मराठीत जिल्हा म्हणावं की प्रांत? आणि हे लेखन बरोबर आहे का?

आकार पाहिला तर जिल्हाच सुचतो. क्षेत्रफळ जेमतेम २,००० चौ. किमी; आपला सिंधुदुर्ग याच्या अडीचपट भरेल. तरी ‘जिल्हा’ लिहू नये, कारण फरक तिजोरीत आहे. इथे आयकर, कॉर्पोरेट कर, व्हॅट प्रांतच वसूल करतो आणि केंद्राचा वाटा बास्क सरकारमार्फत माद्रिदला जातो. त्या वाट्याला ‘कुपो’ म्हणतात. आयकराचे दर ठरवते प्रांताची ५१ सदस्यांची निवडून आलेली सभा. हुकूमशहा फ्रँकोने १९३७ साली हा अधिकार गिपुस्कोआ आणि शेजारच्या बिस्काइआ प्रांताकडून काढून घेतला, तिसऱ्या बास्क प्रांताचा, आलावाचा, मात्र राहू दिला. दोघांना तो परत मिळाला १९८१मध्ये. कोणत्या जिल्ह्याच्या वाट्याला असलं काही येतं?

म्हणूनच ‘दिपुतासिओन फोराल’, म्हणजे इथला प्रांताचा कारभार पाहणारी संस्था, ही जिल्हा परिषद नव्हे. स्पेनच्या इतर बहुतेक प्रांतांतल्या दिपुतासिओनला तो शब्द एक वेळ चालेल. इथे ‘प्रांतिक सरकार’ लिहा. ‘फोराल’ला अर्थाने ‘सनदी’ जवळचा, पण तो वाचून डोळ्यांसमोर कलेक्टरच उभा राहणार. तेव्हा ‘फोराल’च बरा.

‘प्रांत’ शब्दाची अडचण एवढीच, की आपल्या महसुली बोलीत ‘प्रांतसाहेब’ म्हणजे उपविभागीय अधिकारी. स्पेनचा संदर्भ असला की घोटाळा होत नाही.

‘कोमार्का’चा, म्हणजे प्रांतातल्या छोट्या भागाचा, तालुका करण्याचा मोहही टाळावा. देबागोइएना म्हणजे देबा नदीचा वरचा भाग, देबाबार्रेना म्हणजे खालचा. अशा भागांना तहसील कचेरी नसते. नगरपालिकांचा व्यवहार थेट प्रांताशी. ‘खोरं’ किंवा ‘परिसर’ लिहिलं की भागतं. शेजारच्या आलावात मात्र ‘कुआद्रिया’ नावाचे विभाग आहेत आणि त्यांना कायद्याने प्रशासकीय दर्जा आहे.

आता नाव. जुन्या स्पॅनिश लेखनात ‘जी’नंतर ‘यू’ येतो तो फक्त ‘ग’ कायम राहावा म्हणून. त्याचा उच्चार नाही, म्हणून ‘ग्वि’ चूक. बास्क भाषेत तो ‘यू’ लागतच नाही. बास्क ‘झेड’चा उच्चारही ‘स’, त्यामुळे ‘झ’ही गेला. स्पॅनिश उच्चार ‘गिपुथ्कोआ’कडे झुकतो, पण २०११च्या कायद्याने प्रांताचं अधिकृत नाव फक्त बास्क रूपात ठेवलं आहे. तेव्हा गिपुस्कोआ. त्याच न्यायाने बिस्काइआ. ‘बिस्केचा उपसागर’ मात्र रुळलेला आहे, त्याला हात लावू नये. राजधानीची दोनोस्तिया आणि सान सेबास्तियान ही दोन्ही नावं अधिकृत आहेत; पहिल्या उल्लेखात दोन्ही द्यावीत, पुढे एकच धरावं.