टाकी आतून चकाचक आहे, मग पुन्हा धुवायची कशाला?

प्रश्न : मी मालवणचा. स्वतःची होडी आहे, हौसेने डायव्हिंग करतो. ॲल्युमिनियमच्या ११ लिटरच्या दोन टाक्या घेतल्या आहेत. यंदा नेत्राणी बेटावर ३२ टक्के नायट्रॉक्स (म्हणजे ऑक्सिजन वाढवलेली हवा) वापरायचा विचार आहे. भरून देणारा म्हणतो, आधी टाक्या ‘ऑक्सिजन क्लीन’ करून आणा. आमच्या इंजिनवाल्या मेस्त्रीने व्हॉल्व्ह काढून आत बॅटरी मारली, आरशासारखं लख्ख आहे. हा पैसे काढायचा धंदा नाही ना? मेस्त्री म्हणतो, पेट्रोलने खळखळू आणि कपड्यांच्या पावडरीने धुऊ. चालेल?
— एक वाचक, मालवण

उत्तर : पेट्रोलचा डबा आधी खाली ठेवायला सांगा, मग पुढचं वाचा.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हे तुमचा मेस्त्रीच सांगेल. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. नायट्रॉक्स भरताना नेमकं हेच होऊ द्यायचं नसतं. बऱ्याच ठिकाणी रिकाम्या टाकीत आधी शुद्ध ऑक्सिजन सोडतात आणि वरून साधी हवा भरतात. २०० बार दाबाला ३२ टक्के हवं असेल, तर सुरुवातीला साधारण २८ बार ऑक्सिजन. तुम्ही पाण्यात ३२ टक्केच ओढणार, पण टाकीच्या पोटात त्याआधी शंभर टक्के जाऊन बसलेला असतो. अशा वेळी व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की बारीक वाटेत वायू दाबला जाऊन तापतो. तिथे ग्रीसचा ठिपका किंवा तेलाचा ओशट थर असला, तर तो पेटायला ठिणगी लागत नाही. एकदा पेट घेतला की ऑक्सिजनमध्ये ॲल्युमिनियमसुद्धा जळतं. आणि त्या क्षणी टाकीशेजारी उभा कोण असतो? तुम्ही नाही, भरणारा. तो तुमचा खिसा बघत नाहीये, स्वतःचा जीव बघतोय.

पण त्याला एक विचारा : शुद्ध ऑक्सिजन टाकीत सोडतोस की बाहेर मिसळून तयार मिश्रण भरतोस? तयार मिश्रण ४० टक्क्यांच्या आत असेल, तर साध्या चांगल्या टाकीवर भागवायची पद्धत डायव्हिंगमध्ये रूढ आहे. (औद्योगिक वायूवाले २३.५ टक्क्यांपासूनच सावध होतात, ते सोडा.)

आता आरशासारख्या टाकीचं. तेलाचा पातळ थर डोळ्यांना दिसत नाही. तेलकट ताटावर पाणी कसं थेंबाथेंबाने तुटतं? आतल्या भिंतीवरही पाणी सलग पसरलं पाहिजे. शिवाय अतिनील दिवा लावून बघतात, पुष्कळशी तेलं त्यात चमकतात. सगळी नाही, म्हणून एकट्या दिव्यावर विसंबायचं नसतं. कपड्यांच्या पावडरीत पांढरेपणासाठी घातलेली द्रव्यंही त्याच दिव्यात चमकतात. नीट न निघालेली पावडर म्हणजे तपासणाऱ्याच्या डोक्याला ताप. पाण्यात विरघळणारं, तेल तोडणारं योग्य द्रावण, भरपूर गरम पाण्याने खळबळणं आणि तेलविरहित हवेने किंवा नायट्रोजनने कोरडं करणं, एवढंच करायचं असतं. पण ते चोख.

खरी मेख व्हॉल्व्हमध्ये. तो पूर्ण सुटा होतो, भाग धुतले जातात, साध्या नायट्राइल रबराच्या ओ-रिंग (गळती रोखणाऱ्या गोल कड्या) काढून व्हायटॉन किंवा ईपीडीएमच्या घालतात. वंगण सिलिकॉनचं नाही, ऑक्सिजनला चालणारं, ख्रिस्टो-ल्यूबसारखं, तेही नुसतं ओलसर दिसण्यापुरतं. वर्कशॉपमध्ये नवा होतो तेव्हा मी धुतलेल्या व्हॉल्व्हच्या ओ-रिंगला सवयीने नेहमीच्या डबीतलं सिलिकॉन ग्रीस लावलं. वरिष्ठ काही बोलले नाहीत. त्यांनी त्या दिवशीचे सगळे व्हॉल्व्ह, माझे आणि दुसऱ्यांचेही, परत माझ्यासमोर आणून ठेवले. रात्री नऊला सुटलो. त्यानंतर दोन डब्या कधी एका कप्प्यात ठेवल्या नाहीत.

आणि हे सगळं करून आणलेली टाकी तुम्ही एकदाच एखाद्या कळकट कॉम्प्रेसरवर भरलीत, की तिच्यावरचा ‘ऑक्सिजन क्लीन’चा स्टिकर नावापुरता उरला. अमेरिकेच्या ई-ग्रेड श्वसन-हवेत घनमीटरला ५ मिलिग्रॅमपर्यंत तेल चालतं. ऑक्सिजनवर चढवायच्या हवेत ०.१ मिलिग्रॅमच्या वर नको, असं धरतात. घाईच्या दिवशी ‘भर रे कुठूनही’ म्हणायची सवय असेल, तर दोन्ही टाक्यांवर खर्च करू नका. एकच नायट्रॉक्सची ठेवा, दुसरी हवेची, आणि खुणा ठळक करा.

टाक्या जुन्या, दुसऱ्याने वापरलेल्या असतील तर मानेजवळचे शिक्के वाचून घ्या. ६३५१ या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या जुन्या टाक्यांना मानेच्या आट्यांत भेगा जायचा इतिहास आहे. तसं निघालं तर धुण्याचे पैसे वाचवा. पाण्याच्या दाबाची चाचणी किती वर्षांनी करायची, हे नागपूरच्या पेसोच्या (पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संघटना) अखत्यारीतल्या नियमांनी ठरतं. ऑक्सिजन क्लीनिंग म्हणजे ती चाचणी नव्हे. ती पेसोची मान्यता असलेल्या केंद्रात वेगळी करावी लागते.

मेस्त्रीला नमस्कार सांगा. होडीच्या इंजिनासाठी माणूस उत्तमच असणार.

प्रश्न : पावसाळ्यात टाकी पूर्ण रिकामी करून ठेवावी का?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : नको. दहा-पंधरा बार राहू द्या, व्हॉल्व्ह बंद. रिकाम्या, उघड्या टाकीत आपल्याकडची जुलैतली दमट हवा शिरते, आणि लोखंडी टाकीला गंज धरायला तेवढी पुरते.