साप सोकावतो तो कशाला?

परसदार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आम्ही धायरीला राहतो. बैठं घर, मागे थोडी जागा. तिथे नऊ गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. पावसाळा लागल्यापासून रोज एक-दोन अंडी कमी भरतात, टरफलंही सापडत नाहीत. दोन पिल्लं गेली. त्यांतलं एक मेलेलं सापडलं, त्याचं डोकं ओलंचिकट होतं. गेल्या आठवड्यात तिन्हीसांजेला खुराड्याच्या मागे पिवळसर, लांबलचक साप दिसला, चार दिवसांनी परत दिसला. मिस्टर म्हणतात, काठी घेऊन बसतो. सासूबाई म्हणतात, धामण ही नागाची मादी, मारली तर नाग येईल. शेजारी कार्बोलिक अ‍ॅसिड टाका म्हणतात, शिवाय नायलॉनची जाळी गुंडाळा म्हणतात. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, धायरी

उत्तर : आधी मला सांगा, अंडी कोण काढतं? तुम्हीच काढत असणार. आणि खुडूक कोंबडी बसली असेल तर तिच्या पोटाखाली तसाच हात सरकवत असाल. आजपासून ते बंद करा. बाकी सगळं सावकाश करता येईल, हे मात्र आजच.

हे मी तळमळीने सांगतेय, कारण मी स्वतः तो हात घातलेला आहे. आमचं घर आंबेगावला, मागे टेकडी. एका श्रावणात संध्याकाळी वीज गेली होती आणि मी सवयीने खुराड्याच्या कोपऱ्यातल्या टोपलीत हात घातला. कोंबडी नव्हती. बोटांना गार, जड, गुळगुळीत काहीतरी लागलं. हात कसा मागे आला ते आठवत नाही. टॉर्च आणून पाहिलं तर नाग. अंडी गिळून तिथेच वेटोळं करून बसला होता. तो चावला नाही, एवढंच माझं नशीब. तेव्हापासून दाराशी टॉर्च टांगलेली आहे, आणि अंडी मी लांब दांड्याच्या पळीने बाहेर ओढते. पायात बूट. कोंबड्या बहुतेक अंडी सकाळी ते दुपारपर्यंत देतात, म्हणून दुपारी एकदा आणि दिवस मावळायच्या आत एकदा अंडी गोळा करा. अंधारात खुराड्याशी कामच उरू नये.

आता तुमचा चोर. टरफल मागे राहत नाही याचा अर्थ अंडं अख्खं गिळलं जातंय. मुंगूस अंडं फोडून खातं, त्याचा पसारा दिसतो. घूस अंडं बिळात ओढून नेते, म्हणून जवळपास ताजं बीळ आहे का तेही बघा. पण पिल्लाचं ओलं डोकं सापाकडेच बोट दाखवतं. साप भक्ष्य डोक्याकडून गिळतो, पुढे घशात मावलं नाही की ओकून टाकतो. तुम्ही सांगता त्यावरून ती धामण असावी. पण नागही अंडी-पिल्लं खातो, आणि फणा काढला नाही तर अंधुक उजेडात भले भले फसतात. तेव्हा ‘धामणच आहे’ म्हणून जवळ जाऊ नका.

सासूबाईंनी मारू नका म्हटलं, ते अगदी योग्य. कारण मात्र वेगळं आहे. धामण ही स्वतंत्र जात, तिच्यात नर वेगळे, माद्या वेगळ्या. ती बिनविषारी आहे आणि उंदरांचा फडशा पाडते. तुमच्या खुराड्याला ती सोकावली, पण पहिल्यांदा आली ती बहुधा अंड्यांसाठी नाही. रात्री खाली सांडलेला मका आणि कण्या खायला उंदीर येतात, उंदरांच्या वासावर साप येतो आणि मग त्याला अंडी सापडतात. पावसात बिळांत पाणी शिरलं की तो कोरडी जागा शोधतो, आणि खुराड्याइतकी उबदार, कोरडी जागा दुसरी कुठली? धामण मारली तर उंदीर तसेच राहतील, आणि उंदरांमागे उद्या नाग किंवा घोणस येईल. मिस्टरांना हे शांतपणे सांगा. साप मारणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हेही सांगा. शिवाय चावे होतात ते बरेचदा काठी घेऊन पुढे गेलेल्या माणसालाच.

नायलॉनची जाळी लावू नका. माझ्या मोठ्या जावेकडे लावली होती. सकाळी धामण त्यात अडकलेली, जितकी धडपडेल तितका धागा मांसात रुतत गेलेला. सर्पमित्राने अर्धा तास एकेक धागा कात्रीने कापला. तिच्या जागी नाग असता तर? कार्बोलिक अ‍ॅसिडही नको. ते कातडी भाजतं, कोंबड्या जमीन उकरून खातात, त्यांच्या पोटात जाईल. फिनेल, रॉकेल, लसूण यांनी साप थांबलेला मी कधी पाहिला नाही.

थांबवते ती लोखंडी वेल्डेड जाळी. तुमच्याकडे बहुतेक षटकोनी भोकांची कोंबडीजाळी असेल. ती कोंबडी आत ठेवते, सापाला बाहेर ठेवत नाही. अर्धा इंच भोकाची जाळी चहूबाजूंनी लावा आणि खालच्या दोन फुटांत पाव इंचाची, कारण सापाची पिल्लं अर्ध्या इंचातूनही जातात. जाळी जमिनीत फूटभर गाडा, घुशी खालून पोखरतात. मग दाराची फट बघा. करंगळी आत गेली तर फट मोठी आहे. सांडपाण्याच्या पाइपाच्या तोंडालाही जाळी हवी. जमलं तर खुराडं विटांवर दीड-दोन फूट उचला, खालची जागा मोकळी आणि झाडलेली ठेवा. दाणे झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, आणि संध्याकाळी कोंबड्या आत गेल्या की सांडलेलं सगळं झाडून घ्या. खुराड्याला टेकून ठेवलेल्या विटा, झावळ्या, जुनी कौलं लांब हलवा. ही कामं एका रविवारात होतात, जाळीला दोन रविवार लागतील.

परत दिसला तर कोंबड्यांना सोडवायला धावू नका. लांबून नजर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. तेवढ्यात मुलांना घरात घ्या.

आणि चावलाच तर धावपळ नको, दोरीने आवळणं नको, ब्लेड मारणं नको, मांत्रिक तर नकोच. चावलेला हात-पाय हलू न देता, अंगठी-बांगड्या काढून, १०८ ला फोन करून थेट ससूनसारखं मोठं रुग्णालय गाठायचं. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्याही विषावर चालते, त्यामुळे साप मारून सोबत न्यायची गरज नसते. मण्याराचा चावा तर झोपेत कळतही नाही. पोट दुखतं, पापण्या जड होतात, एवढंच आधी दिसतं. कोंबड्यांची राखण म्हणून मिस्टर अंगणात जमिनीवर झोपणार असतील तर त्यांना खाटेवर झोपवा, मच्छरदाणी गादीखाली खोचून.

प्रश्न : खुराड्याच्या पेंढ्यात वीतभर अजगराचं पिल्लू सापडलं. मुलाने बरणीत ठेवलंय. कुठे सोडावं?
– एक वाचक, बावधन

उत्तर : बरणी उघडू नका. पाठीवर साखळीसारखे लंबगोल ठिपक्यांचे तीन पट्टे असतील तर ती घोणस आहे. घोणस पिल्लंच घालते, एका वेळी वीस-तीसही, आणि प्रत्येक पिल्लू जन्मापासून विषारी असतं. म्हणजे पेंढ्यात आणखी असू शकतात. पेंढ्याला हात न लावता आत्ताच १९२६ ला फोन करा, आणि ते येईपर्यंत मुलाला परसात पाठवू नका.