वारशाने आलेल्या जुन्या लष्करी रायफलवर त्रिकोणात बाण आहे आणि चौकटीत ‘एसए’ कोरलंय. सालापुढे उलट्या ‘एल’सारखं अक्षरही आहे. ही रशियन की फिनिश?

दोन्ही. आणि पॉलिशपेपर हातात घेतला असेल तर आधी खाली ठेवा.

वर्णनावरून तुमची रायफल मोसिन-नागां आहे, म्हणजे झारच्या काळापासूनची रशियन लष्करी रायफल. त्रिकोणातला बाण रशियातल्या इझेव्हस्क शहराच्या कारखान्याचा. चांदणीत बाण असता तर तूला शहरातल्या कारखान्याचा. सालापुढे उलट्या ‘एल’सारखं जे अक्षर तुम्हाला खटकलंय, ते रशियनमधलं ‘वर्ष’, दुसरं काही नाही. ‘एसए’ म्हणजे सुओमेन आर्मेइया, फिनलंडचं सैन्य. १९३९-४० च्या हिवाळी युद्धात आणि पुढे १९४१-४४ मध्ये फिनिश सैन्याने सोव्हिएत रायफली ढिगाने ताब्यात घेतल्या आणि वापरल्या.

आमच्या भावोजींना हे अजून पटलेलं नाही. त्यांच्या वडिलांच्या मोसिनवरही हाच चौकटीतला ठसा होता. भावोजींचं म्हणणं, “कारखाना रशियन ना? मग रायफल रशियन. बाकीचं कुणीतरी नंतर ठोकलंय.” अहो, नंतर काय ठोकलंय तेच तर वाचायचं असतं! फिनलंडने मोसिनचे रिसीव्हर, म्हणजे नळी आणि बोल्ट (गोळी आत ढकलणारा सरकता खिट्टा) बसतो तो लोखंडी सांगाडा, स्वतः कधी बनवलेच नाहीत. जुन्या रशियन रिसीव्हरवर साको, टिक्का, व्हीकेटी या फिनिश कारखान्यांच्या नळ्या चढवल्या. दस्ता, म्हणजे लाकडी भाग, काढून रिसीव्हरच्या शेपटीखाली पाहिलं की कधीकधी झारच्या काळातलं साल निघतं. त्यांच्या रायफलवर ते होतं, मी स्वतः दाखवलं. त्यावर उत्तर काय, तर “म्हणजे रशियनच.”

त्या दस्त्याला पुढच्या बाजूला दोन्ही हातांची बोटं गुंतवल्यासारखा जोड होता. ही फिनिश दस्त्यांची ओळख, मुद्दाम केलेलं काम. भावोजींना वाटलं लाकूड मोडलंय. त्यांनी जोडात लांबी (पुट्टी) भरली, सगळा दस्ता घासला, वर व्हार्निश. लाकडावरचे ठसे गेले ते गेलेच. नळीही एका कारागिराकडून घासून काळी करून घेतली. ‘एसए’ची चौकट आता तिरप्या उजेडात जेमतेम दिसते. ताईलासुद्धा वाईट वाटलं. सासऱ्यांनी इतकी वर्षं जपलेली वस्तू होती. अशा साफसफाईला मी नासधूस म्हणतो, आणि हे त्यांच्या तोंडावर म्हटलेलं आहे.

तेव्हा तुम्ही फक्त मऊ कापड आणि थोडं तेल वापरा. दस्ता उतरवून प्रत्येक खुणेचा बाजूने उजेड टाकून फोटो घ्या. बोल्टवरचा आणि नळीवरचा नंबर जुळतो का बघा, पण जुळला म्हणून लगेच हरखू नका. युद्धानंतर सोव्हिएत शस्त्रागारांनी दुरुस्त केलेल्या रायफलींवर जुने नंबर घासून नवे मारलेले सापडतात. तिरपी रेघ असलेली छोटी चौकट दिसली तर ती अशाच दुरुस्तीची खूण.

बनावट ठसेही बाजारात असतात, जर्मन गरुडाचे तर फारच, म्हणून एकाच खुणेवर भरवसा नको. नळीवर ‘डी’ दिसला तर चेंबर, म्हणजे नळीत गोळी बसते ती जागा, फिनलंडच्या डी-१६६ गोळीसाठी जुळवलेलं होतं. आज ती रायफल झाडायला सुरक्षित आहे असा त्याचा अर्थ नाही, ते जाणकार गनस्मिथच सांगेल. हात लावण्याआधी बोल्ट उघडून चेंबर आणि मॅगझिन रिकामं असल्याची खात्री करा. परवाना तुमच्या नावावर झालाय ना, तेही बघा. आणि घरातलं कुणी ‘जरा चकाचक करून देतो’ म्हणालं, तर सरळ नाही म्हणा, मग ते नात्याने कितीही मोठे असोत.