वाचकांचे प्रश्न : क्लच जड झालाय, दोष कुठं शोधायचा?

प्रश्न : माझी 100 सीसीची मोटारसायकल सहा वर्षांची आहे. पावसाळा संपल्यापासून क्लच लई जड झालाय. कोल्हापुरात दसरा चौकातनं ताराराणी चौकापर्यंत येईतो डाव्या हाताची बोटं भरून येतात. नवा लिव्हर घातला, केबलीत वरून तेल सोडलं. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. घरी दुरुस्ती जमेल का? मध्यंतरी हँडल बदलून उंच बसवलंय, त्याचा काही संबंध असेल का?
– एक वाचक, कळंबा

उत्तर : हँडलचं तुम्ही शेवटी विचारलंत, पण पहिला संशय तिथंच येतो. हँडल उंच झालं की मूळ मापाची केबल कमी पडते. ती ताणली जाते आणि स्टीअरिंगच्या मानेपाशी काटकोनात मोडते. अशा वळणावर आतली तार बाहेरच्या आवरणाला घासत राहते. तिथं कितीही तेल घाला, दोन दिवसांपलीकडे टिकत नाही.

तरी अंदाजानं सामान आणू नका. आधी जडपणा लिव्हरमध्ये आहे, केबलीत आहे की इंजिनात, ते ठरवा. इंजिन गार असताना गाडी मेन स्टँडवर घ्या. केबलीचं खालचं टोक इंजिनाच्या आर्ममधून, म्हणजे केबल ओढते त्या बाहेरच्या छोट्या पट्टीतून, सोडवा. तिथले नट साधारण 10 किंवा 12 नंबरच्या पान्यानं निघतात. आता लिव्हर दाबा. तार लोण्यात सुरी फिरावी तशी सरकली, तर केबल निर्दोष आणि दुखणं इंजिनाकडं. अडखळली, कचकचली, तर वरचं टोकही काढा. लिव्हरजवळचा ॲडजस्टर आणि त्याची लॉकरिंग, दोन्हींवर एकेक खाच असते. त्या खाचा लिव्हरच्या पकडीतल्या खाचेसमोर आणल्या की तार आपसूक बाहेर येते. पक्कड लावून ओढायची गरज नाही. मोकळा लिव्हर बोटानं ढकलला तर लुळा हलला पाहिजे. तुम्ही लिव्हर नुकताच बदललाय, तेव्हा त्याचा बोल्ट जास्त आवळला गेलाय का बघा. बोल्ट बसेल इतपतच आवळायचा आणि खालचा नट वेगळा घट्ट करायचा. बोल्टाला थोडं ग्रीस लावा.

आता तारेच्या वरच्या टोकाची गोळी निरखून बघा, कारण बहुतेक केबली इथंच मरतात. लिव्हर दाबताना ही गोळी आपल्या भोकात फिरायला हवी. ती कोरडी पडून अडकली की प्रत्येक दाबाला तार गोळीच्या तोंडाशी वाकते आणि एकेक पदर तुटतो. तुटलेला पदर कुसासारखा उभा राहून आवरण आतून कुरतडतो. हाताला जाणवते ती कचकच त्याचीच. एक जरी पदर तुटलेला दिसला तरी तेलपाण्याच्या भानगडीत न पडता केबल बदला. गगनबावड्याच्या घाटात तार तुटली तर क्लचशिवाय गाडी घरी आणणं सोपं नाही.

पदर शाबूत असतील तर केबल उभी टांगा. प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून वरच्या टोकाला रबरानं घट्ट बांधा, त्यात दोन-तीन चमचे इंजिन ऑइल घाला आणि तार वरखाली करत राहा. आधी खालून तांबडं-काळं पाणी गळेल. स्वच्छ तेल उतरेपर्यंत, गरज पडली तर रात्रभर, तशीच राहू द्या. ग्रीस मात्र भरू नका, ते आत घट्ट होऊन धूळ धरतं. काही केबलींना आतून प्लॅस्टिकचं अस्तर असतं. तेलानं ते फुगू शकतं. अशी केबल जड झाली तर सरळ बदलायची. 2019 आणि 2021 च्या पुरात बुडालेल्या गाड्यांचं ऑइल लोकांनी बदललं, पण केबलीत शिरलेलं पाणी पुष्कळांच्या ध्यानातच आलं नाही. सर्व्हिसिंगला जोरदार फवारा थेट लिव्हरवर मारला तरी तेच होतं.

उंच हँडल ठेवायचंच असेल तर त्या मापाची लांब केबल शिवाजी उद्यमनगरात विचारा. जुनी काढण्याआधी तिच्या वाटेचा मोबाइलवर फोटो काढा. नवी बसवल्यावर हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून लिव्हर दाबून बघा. शेवटी लिव्हरच्या टोकाशी 10 ते 20 मिलिमीटर मोकळा खेळ, म्हणजे तार ओढली जाण्याआधीची सैल हालचाल, ठेवा. खेळ नसला तर इंजिनातल्या क्लचच्या प्लेटा सतत अर्धवट सुटलेल्या राहून घसरतात आणि जळतात.

केबल सोडवल्यावर इंजिनाचा आर्म हातानं हलवूनही बघा. थोडा मोकळा फिरून तो स्प्रिंगच्या जोरानं मागं आला पाहिजे. जागच्या जागी रुतला असेल तर त्याचा दांडा कव्हरच्या तोंडाशी गंजलाय. उसाच्या रानातला चिखल तिथं बसतो. चिखल साफ करून तेलाचे थेंब सोडा आणि आर्म हलवत राहा. एवढ्यानं सुटला नाही तर कव्हर उघडावं लागेल.

प्रश्न : क्लच प्लेटा घरीच बदलल्या. केबल नवी आहे, तरी क्लच आधीपेक्षा जड झालाय.
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : किटासोबत स्प्रिंगा आल्या होत्या का? मूळ स्प्रिंगेपेक्षा कडक असतील तर लिव्हर जड होणारच. जुनी आणि नवी स्प्रिंग शेजारी उभी करून लांबी आणि तारेची जाडी व्हर्नियरनं मोजा. 100 सीसीच्या रोजच्या गाडीला कडक स्प्रिंगांचा उपयोग नाही. दोन जुन्या, दोन नव्या असा मेळही घालू नका. प्लेटा दाबून धरणारी प्रेशर प्लेट तिरकी उचलते.

दुसरा संशय प्रेशर प्लेटच्या मधल्या छोट्या बेअरिंगवर. बोटानं फिरवताना खरखरलं तर बदला. जोडताना ते खाली पडून राहिलं असेल तर धातूवर धातू घासतोय. गाडी चालवू नका. स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरचे, अर्धा-अर्धा फेरा देत आवळा. एकच बोल्ट पूर्ण आवळला तर तो ज्यात बसतो तो ॲल्युमिनियमचा खांब तुटतो, आणि मग अख्खा भाग नवा घ्यावा लागतो. सहा मिलिमीटरच्या बोल्टला 10 न्यूटन-मीटरच्या आसपास ताण पुरतो. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. नव्या प्लेटा बसवण्याआधी काही तास इंजिन ऑइलमध्ये बुडवल्या होत्यात ना? कोरड्या प्लेटांनी लिव्हर जड होत नाही, पण गाडी झटका मारून सुटते.

प्रश्न : जाड ऑइल घातल्यानं क्लच जड होतो का?
– एक वाचक, शिरोळ

उत्तर : लिव्हर जड होत नाही. थंडीत सकाळी प्लेटा एकमेकींना चिकटतात, त्यामुळं पहिला गिअर टाकताना खट् आवाज येऊन गाडी पुढं सरकते, एवढंच. डब्यावर जासो एमए किंवा एमए2 (दुचाकीच्या ऑइलचं जपानी मानक) लिहिलेलं, कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल घ्या. मोटारीच्या बऱ्याच ऑइलांत घर्षण कमी करणारं रसायन असतं. त्यानं प्लेटा घसरतात आणि ऊस भरलेल्या ट्रॅक्टरला चढावर ओलांडताना इंजिन नुसतंच ओरडतं.